मराठवाड्यातून मुंबई मॅरेथॉनला जायचंय? पळणाऱ्यांचे आणि बघायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी परभणीची. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे पळते. मुंबईला आधी दोनदा हाफ पळले, मग फुल. दिवाळी झाली की नांदेड, लातूर, सेलू, माजलगाव असे सगळीकडून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. सराव कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण गावाहून पाच-सहाशे किलोमीटर प्रवास करून, अनोळखी शहरात दोन रात्री काढून, ताज्या पायांनी स्टार्टला कसं उभं राहायचं हे कुणी सांगत नाही. सोबत आलेल्या घरच्यांचा विचार तर जवळजवळ कुणीच करत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

मुंबई मॅरेथॉन नेमकी कधी असते? नाव कधी नोंदवायचं?

जानेवारीचा तिसरा रविवार, म्हणजे तारीख १५ ते २१ च्या मध्ये कुठेतरी पडते. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीत आता सगळ्या प्रकारांत मिळून ६० हजारांवर माणसं पळतात. फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हाफ त्याच्या निम्मी, शिवाय १० किलोमीटर आणि हौशी लोकांची ड्रीम रन.

नोंदणी पावसाळ्यातच उघडते. आपल्याकडे पेरण्या उरकून माणसं जरा मोकळी होतात, साधारण तेव्हापासून लक्ष ठेवा. दिवाळीनंतर जाग आली तर जागा संपलेल्या असतात. फुलसाठी आधीच्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे त्याआधीच्या हंगामात जवळपासची एखादी चिप टायमिंग असलेली हाफ पळून ठेवा. जागा संपल्यावरही सामाजिक संस्थांच्या मार्फत देणगी गोळा करून मिळणारे बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, असतात. रक्कम मोठी असते, पण ती चांगल्या कामाला जाते. गावातल्या एखाद्या संस्थेच्या ओळखीतून देणगीदार जमवता येत असतील तर हा मार्ग जरूर धरावा.

ताई, मी पोलीस भरतीसाठी पळतो. १६०० मीटर चांगलं निघतं. थेट फुल मारू का?

नको. हा प्रश्न विचारणारी पोरं बावीस-तेवीस वर्षांची असतात, त्यांच्या पायात खरंच दम असतो, म्हणून मी नीट उत्तर देते. १६०० मीटरला तुम्ही छाती फुटेस्तोवर पळता आणि पाच-सहा मिनिटांत मोकळे होता. फुलमध्ये चार-पाच तास पळायचं असतं. शरीरात साठवलेली साखर साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि त्यापुढे कसं चालायचं हे शरीराला महिनोन् महिने लांब पळूनच शिकवावं लागतं. या वर्षी १० किलोमीटर किंवा हाफ पळा. वेग तुमच्याकडे आहेच, लांबी हळूहळू येईल.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे मूळचा स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या ३००० मीटरचा. त्यानेच २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. छोट्या अंतरावरून मोठ्याकडे जाता येतं, पण टप्प्याटप्प्याने. आणि आमच्या परभणीची ज्योती गवते २०१७ मध्ये मुंबईच्या फुलमध्ये भारतीय महिलांत पहिली आली होती. तिचं नाव मी मुद्दाम घेते, कारण आपल्याकडच्या मुलींना अजून वाटतं की ही शर्यत पुण्या-मुंबईच्या लोकांची आहे.

शर्यतीच्या तोंडावरच सणवार येतात. काय करायचं?

हा प्रश्न फक्त बायका विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. तिसरा रविवार बहुतेक वेळा संक्रांतीच्या पाठोपाठ येतो. भोगीची भाजी, बाजरीच्या भाकरी, तीळगूळ, सुगडं, वाण आणि मग रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा शेतातला सण, कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. २०२४ मध्ये ती ११ जानेवारीला होती आणि मॅरेथॉन २१ ला. येळवसीच्या दिवशी शेतात भज्जी-आंबील पोटभर खाऊन पंगती वाढायच्या, की दहा दिवसांवर आलेल्या शर्यतीसाठी पाय राखायचे?

माझं मत स्पष्ट आहे. सण करा, पण त्या आठवड्यात दिवसभर उभं राहायचं काम दुसऱ्या कुणाला द्या. तुमचं स्वतःचं हळदीकुंकू मॅरेथॉननंतर ठेवा, रथसप्तमीपर्यंत दिवस असतात. मी घरात हे पहिल्यांदा बोलले तेव्हा फार जड गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मग आवंदा मी करते, तू बस." एवढ्या एका वाक्याने माझी ती शर्यत बरीच सोपी झाली.

आणि हुरडा. जानेवारी म्हणजे हुरड्याचा ऐन हंगाम, कुणी ना कुणी शेतावर बोलावतंच. शर्यतीच्या आधीचे तीन दिवस हुरडा खाऊ नका. कोवळ्या ज्वारीतला चोथा आणि वर दही-चटण्या, हे सगळं शर्यतीच्या पहाटे पोटात गडबड करतं. परत आल्यावर मनसोक्त खा.

कोणती रेल्वे धरू? तिकीट कधी काढू?

आधी तिकिटाचं बघा. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी हीच मुदत १२० दिवसांची होती, त्यामुळे जुन्या लोकांच्या सांगण्यावर जाऊ नका. जानेवारीच्या मध्याचं तिकीट नोव्हेंबरच्या मध्यात मिळायला लागतं. त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसा. परतीची तारीख तीन-चार दिवसांनी उघडेल, तेव्हा पुन्हा बसायचं आहे हे विसरू नका.

नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरच्या लोकांना रात्रीची देवगिरी सोयीची. सकाळी मुंबईत उतरवते. नांदेडहून राज्यराणीही रात्रीचीच. नंदीग्रामही आहे. दिवसा बसून जायचं तर तपोवन, जनशताब्दी किंवा वंदे भारत. वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झाली, २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली. लातूर, धाराशिवकरांना लातूर-मुंबई एक्स्प्रेस. बीडकरांना अजून एसटी किंवा ट्रॅव्हल्सच सोपी पडते.

आता महत्त्वाचं. जाताना झोपायची गाडी घ्या, पण शर्यतीच्या आदल्या रात्रीची घेऊ नका. गुरुवारी रात्री बसा, शुक्रवारी सकाळी उतरा. शुक्रवार बिबसाठी, शनिवार आरामासाठी. रजा मिळत नसेल तर शुक्रवारी रात्री निघा, त्याहून उशीर चालणार नाही. बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, हे मी दरवर्षी किमान चार जणांना सांगते.

आणि परतीला खालचा बर्थ. ४२ किलोमीटर पळून झाल्यावर वरच्या बर्थची ती लोखंडी शिडी चढताना मी अक्षरशः हाताने मांडी उचलून पाय ठेवला होता. ४५ च्या पुढच्या बायकांसाठी आणि साठीच्या पुढच्या पुरुषांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. घरातली वडीलधारी माणसं सोबत असतील तर बुकिंग करताना तो निवडा.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत रेल्वेने २०२० पासून बंद केली आहे. एसटीत मात्र बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि पंचाहत्तरीपुढे मोफत. त्यामुळे आई-वडिलांना घेऊन जायचं तर काही घरांना एसटीच परवडते.

समृद्धीने स्वतःची गाडी घेऊन गेलो तर?

जाताना चालेल. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग नागपूर ते भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे. जालना, संभाजीनगरहून चढलात की वेळ पुष्कळ वाचतो. दुचाकीला परवानगी नाही. मुंबईत शिरल्यावर मात्र गाडी ठाण्या-मुलुंडकडे कुणाच्या तरी सोसायटीत लावा आणि पुढे लोकलने जा. रविवारी दक्षिण मुंबईचे रस्ते बंद असतात, गाडी तुमच्या काही कामाची नाही.

येताना पळालेल्या माणसाने गाडी चालवायची नाही. दुसरा चालक नसेल तर गाडी नेऊच नका. सरळ, एकसुरी रस्ता, भर दुपारचं ऊन, पहाटे अडीचला उठलेला माणूस आणि पिंढऱ्यांत कधीही येणारा गोळा. ब्रेकवर पाय असताना गोळा आला तर काय होईल, याचा विचार करा.

राहायचं कुठे?

फुल किंवा १० किलोमीटर असेल तर सीएसएमटी, फोर्ट, मशीद बंदर या भागात. तिथून स्टार्टला चालत जाता येतं. हाफ माहीमच्या रेती बंदरहून सुटते, म्हणून हाफवाल्यांनी दादर-माहीमकडे बघावं. माझ्या मते दादर सगळ्यांत सोयीचं. पश्चिम आणि मध्य दोन्ही लोकल तिथे मिळतात, घरच्यांना शिवाजी पार्क चालत जाता येतं आणि जेवायला साधं वरण-भात मिळतं.

आपल्याकडे बरेच जण आमदार निवासाची चिठ्ठी मिळवतात. जागा मोक्याची आहे, पण एका खोलीत आठ-दहा जण, रात्री एकपर्यंत गप्पा आणि दिवे चालू, असं असेल तर पळणाऱ्याची झोप जाते. नुसतं बघायला येणाऱ्यांसाठी ठीक.

कल्याण, डोंबिवली, पनवेलला नातेवाईक असतात. जरूर उतरा, पण आधीच सांगून ठेवा की शनिवारी रात्री साडेसातला जेवून आठला झोपणार. पाहुणचाराच्या नादात रात्री अकराला पुरणपोळी ताटात येते आणि नाही म्हणता येत नाही.

एक विनंती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत स्वस्तात सोय होईल का, असं मला विचारतात. ती जागा टाटा रुग्णालयात उपचाराला आलेल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. त्यातले कितीतरी आपल्याच मराठवाड्यातून आलेले असतात. तिथे खोली मागू नका.

बिब घ्यायला दुसऱ्या कुणाला पाठवलं तर चालेल का?

नाही. स्वतः जायचं, मूळ ओळखपत्र आणि नोंदणीचा मेल घेऊन. त्यासाठी शर्यतीच्या आधीचे तीन-चार दिवस एक्स्पो असतो, गेल्या काही वर्षांत तो बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, भरतो. शनिवारी तिथे जत्रेसारखी गर्दी होते, शुक्रवारी सकाळी बरं असतं. भूमिगत मेट्रोचं स्टेशन बीकेसीतच आहे. कुर्ला किंवा वांद्र्याहून बस-रिक्षाही मिळते. पण लक्षात ठेवा, रिक्षा फक्त वांद्रे आणि सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला टॅक्सीच. दादर स्टेशनबाहेर रिक्षा शोधत उभे राहिलेले आपल्याकडचे लोक मी पाहिले आहेत.

बिब घेतलं की निघा. बुटांचे स्टॉल, मोजे, पळताना खायच्या चॉकलेटी रंगाच्या जेलच्या पुड्या, हे बघत तीन तास सिमेंटवर उभं राहणं होतं. आणि तिथे नवे बूट घेऊन रविवारी घालायचे नाहीत. कितीही चांगले असले तरी नाही.

शनिवारी मुलांना मुंबई दाखवावी म्हणते. चालेल ना?

मी पहिल्या वर्षी हेच केलं. सकाळी गाडीतून उतरलो, बिब घेतलं, दुपारी राणीची बाग, संध्याकाळी गेटवे, मग चौपाटी. मुलं खूश होती. रात्री लॉजवर बूट काढले तेव्हा तळपाय गरम लागत होते. दुसऱ्या दिवशी हाफमध्ये १४ किलोमीटरनंतर पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या आणि उरलेलं अंतर मी चालत, थांबत, फुटपाथच्या कडेला पाय ताणत पूर्ण केलं. सहा महिन्यांचा सराव एका संध्याकाळी वाया गेला, असं तेव्हा वाटलं.

तेव्हापासून आमच्या घरी ठरलेलं आहे. मुंबई बघायची ती सोमवारी. शनिवारी मुलांना घेऊन नवरा जातो, मी खोलीत पाय वर करून पडून राहते. फार तर संध्याकाळी वीस मिनिटं हळू चालायचं, बिबला पिना लावायच्या, बिबच्या मागे घरच्यांचा फोन नंबर आणि रक्तगट लिहायचा, बूट दाराशी ठेवायचे आणि झोपायचं. झोप लागली नाही तरी घाबरू नका. आदल्या रात्री कुणालाच नीट झोप येत नाही, शुक्रवारची झोप खरी कामाची.

जेवायचं काय?

जे घरी खाता तेच, फक्त भाकरी कमी आणि भात जास्त. ज्वारीची भाकरी आपलं रोजचं अन्न आहे, पण तिच्यात चोथा भरपूर. शनिवारी दुपारी वरण-भात, बटाट्याची भाजी, दही. रात्री मूग डाळीची खिचडी लवकर. तेल-तिखट कमी. घरून धपाटे, दशम्या बांधून न्याव्यात, रेल्वेत त्याच खाव्यात, म्हणजे गाडीतलं उघडं खाणं टळतं.

पहाटे निघण्याआधी केळ, राजगिऱ्याचा लाडू, थोडा चहा सवयीचा असेल तर. पळताना काहींना जेल मानवतं, मला गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि मिठाचा खडा मानवतो. पण जे काही खाणार ते गावाकडे लांबच्या पळण्यात तीन-चारदा खाऊन बघितलेलं असावं. नुसतं पाणी ढोसत राहू नका. घामातून मीठ जातं आणि वर नुसतं पाणी वाढलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं घोट-घोट, आणि मध्ये मीठ-साखरेचं पाणी.

जानेवारीत थंडीच असते की! मग मुंबईच्या हवेचा एवढा बाऊ का?

कारण आपली थंडी कोरडी असते. परभणीत जानेवारीच्या पहाटे पारा कधी कधी दहाच्या खाली जातो, हातमोजे घालून पळतो आपण. घाम आला की तिथल्या तिथे वाळतो आणि अंग गार राहतं. मुंबईत पहाटेही हवा दमट असते. घाम वाळत नाही, बनियन अंगाला चिकटते, अंगातली उष्णता आतच राहते आणि त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. शिवाय आठ-साडेआठनंतर ऊन चढतं.

उपाय दोन. गावाकडे डिसेंबरात आठवड्यातून एकदा तरी सकाळी नऊ-दहाला, उन्हात पळा. आणि मुंबईत पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद हळू चला. काखा, मांड्या, छाती, जिथे जिथे कापड घासतं तिथे व्हॅसलीन भरपूर चोळा. आपल्या कोरड्या हवेत हे कधी जाणवत नाही, मुंबईत २० किलोमीटरनंतर कातडी सोलून निघते.

पेडर रोडच्या चढाची एवढी भीती का घालतात?

चढ फार मोठा नाही. वेरूळच्या घाटात पळणाऱ्याला तो हसू आणेल. पण फुलमध्ये परतीला तो ३५ किलोमीटरनंतर येतो, तेव्हा पायात काही उरलेलं नसतं आणि ऊन समोरून येतं. संभाजीनगरवाल्यांनी जालना रोडचे क्रांती चौक, सेव्हन हिल्सचे उड्डाणपूल पहाटे लांब पळण्याच्या शेवटी चढावेत, सुरुवातीला नाही. परभणी-लातूरसारख्या सपाट गावात एखादा रेल्वेवरचा पूल गाठा आणि थकलेल्या पायांनी सहा-आठ वेळा वर-खाली करा.

त्या चढावर इमारतींतली माणसं संत्री, मीठ, बिस्किटं घेऊन उभी असतात. लता मंगेशकरांचं प्रभुकुंज याच रस्त्यावर. मी तिथून जाताना दरवेळी वर बघते.

पहाटे स्टार्टला कसं पोचू? मी एकटी बाई आहे.

हौशी धावपटूंची फुल आणि हाफ दोन्ही पहाटे पाचच्या आसपास सुटतात, म्हणजे चारला तिथे असायला हवं. त्या रात्री पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे धावपटूंसाठी खास जादा लोकल सोडतात. वेळापत्रक दोन-तीन दिवस आधी जाहीर होतं. त्या गाड्या पळणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, बायकांच्या डब्यात रात्री पोलीस असतो. मी पहाटे साडेतीनला एकटी गेले आहे आणि भीती वाटली नाही. डब्यात समोर बसलेल्या नाशिकच्या बाईने मला पिना दिल्या, मी तिला चिक्की दिली. मेट्रो मात्र एरवी त्या वेळी सुरू नसते, आधी चौकशी केल्याशिवाय तिच्या भरवशावर राहू नका.

तिथे फिरती शौचालयं असतात, रांग मोठी असते. पोचल्या पोचल्या आधी रांगेत लागा. पाळीची तारीख येत असेल तर ऐनवेळी नवी गोळी घेऊन ती पुढे ढकलायचा प्रयोग करू नका, डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला. पाळीतही पळता येतं, मी पळाले आहे.

घरचे बघायला येणार आहेत. त्यांना कुठे उभं करू?

हा माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न.

आधी बरीच वर्षं चालत आलेला मार्ग समजून घ्या. फुल सीएसएमटीहून निघते, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी करत वांद्रे-वरळी सी लिंकवरून पलीकडे जाते आणि मग माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी, वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह असं परत येते. हाफ माहीमहून सुटून सी लिंकवरून दक्षिणेकडे येते. मार्गात थोडाफार बदल होत असतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा घरच्यांच्या मोबाईलमध्ये आणि एक कागदावरही द्या. सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही आणि त्या दिवशीही तिथे बघे नसतात. पळणाऱ्याला तिथे फक्त वारा आणि हजारो बुटांचा आवाज.

फुलवाल्यांच्या घरच्यांसाठी शिवाजी पार्क सगळ्यांत चांगलं. दादर स्टेशनहून चालत पंधरा-वीस मिनिटं. बसायला कट्टा आहे, झाडांची सावली आहे, चहा मिळतो, म्हाताऱ्या माणसाला तासभर थांबता येतं. तुम्ही समोरून गेलात की त्यांनी परत दादरला जाऊन चर्चगेटची धीमी लोकल पकडावी आणि चर्नी रोडला उतरावं. जलद लोकल तिथे थांबत नाही. स्टेशनाबाहेर आलं की समोर समुद्र आणि मरीन ड्राइव्ह. तुम्ही पेडर रोड चढून-उतरून तिथे येईपर्यंत ते आरामात पोचलेले असतात. शेवटच्या काही किलोमीटरांत आपलं माणूस दिसणं, याची किंमत पळणाऱ्यालाच कळते.

माझ्या पहिल्या फुलला सासूबाई शिवाजी पार्कला उभ्या होत्या. मी दुभाजकाच्या कडेने गेले, त्या गर्दीच्या मागे होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही. त्या तिथेच पावणेदोन तास उभ्या राहिल्या, मी मागे राहिले असेन, पडले असेन, असं समजून. फिनिशनंतर मी कुणाच्या तरी फोनवरून नवऱ्याला फोन लावला, तेव्हा कुठे त्यांना कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण डोळे लाल होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पुढच्या वेळी आम्ही नीट ठरवलं. पळणाऱ्याच्या डाव्या हाताला, पुतळा किंवा दिव्याचा खांब अशी एकच खूण, तिच्या अलीकडे-पलीकडे नाही. मी त्या टप्प्यात डावी कडा सोडायची नाही. त्यांनी मोरपंखी इरकल नेसायचं, म्हणजे लांबून दिसतं. आणि त्यांनी स्वतःहून पिशवीतून घरची जेवायची स्टीलची ताटली आणि उलथनं आणलं होतं. ते बडवताना त्यांचा डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, बांगड्या वाजत होत्या, आणि त्या मला नव्हे तर येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होत्या, "चला लेकरांनो, चला!" माझ्या पुढे पळणारा एक मुलगा वळून त्यांच्या पाया पडून गेला.

मोबाईलवर कुठे आहे ते दिसतं का?

दिसतं. बिबवर चिप असते, ठरावीक ठिकाणच्या पट्ट्यांवरून गेलात की शर्यतीच्या ॲपमध्ये नोंद होते. बिब नंबर घरच्यांना आधीच द्या. नोंद यायला कधी उशीर होतो, म्हणून घाबरून जाऊ नये हेही सांगा. सोबत अंदाजे वेळांचा कागद द्या. किलोमीटरला सात मिनिटं या वेगाने फुलला चार तास पंचावन्न मिनिटं लागतात, त्या हिशेबाने प्रत्येक ठिकाणाची वेळ काढा आणि त्यात वीस मिनिटं पुढे-मागे धरा.

मोठे धावपटू बघायचे असतील तर ते हौशी लोकांनंतर, सात वाजल्यानंतर सुटतात. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने इथला विक्रम केला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद. किलोमीटरला तीन मिनिटांच्या जरासं वर. ते समोरून जातात तेव्हा बुटांचा आवाजही फार होत नाही. लहान मुलांना हे एकदा जरूर दाखवा.

बघणाऱ्यांनी काय करू नये?

अडथळे ओलांडून मध्ये धावू नका, मुलांना सोडू नका. रस्ता ओलांडायचा तर स्वयंसेवक सोडतील तेव्हाच. आपल्या माणसाला हाताने ओढून फोटो काढू नका, लय तुटली की पुन्हा पाय उचलत नाहीत. "आता थोडंच राहिलं" हे ३० किलोमीटरवर म्हणू नका. नाव घेऊन हाक मारा, तेवढं पुरतं.

छातीत दुखलं, चक्कर आली तर?

थांबा. मार्गावर ठिकठिकाणी डॉक्टर, रुग्णवाहिका असतात. पदक पुढच्या वर्षीही मिळतं. चाळिशीपुढच्यांनी, बीपी-शुगर असलेल्यांनी, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेल्यांनी नोंदणीआधीच गावातल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. आणि गुडघा दुखू नये म्हणून स्टार्टआधी दुखण्याची गोळी घेण्याची सवय फार वाईट. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. आठवडाभरात ताप येऊन गेला असेल तर पळू नका. तिकीट वाया जाईल, जाऊ द्या. शिवाजी पार्कला उभे राहा.

नांदेडकरांना हैदराबाद जवळ नाही का?

आहे, निम्म्याहून कमी अंतरावर. देगलूर, बिलोलीवाल्यांना तर अजूनच. तिथली मॅरेथॉन ऑगस्टअखेर असते, उड्डाणपुलांमुळे चढ-उतार जास्त. मुंबईच्या फुलआधीची हाफ म्हणून ती उत्तम.

परत कधी निघू? सोमवारी कामावर जाता येईल का?

रविवारी रात्रीच्या देवगिरीने किंवा लातूरकडच्या गाडीने निघता येतं, बरेच जण तसंच करतात. पण दुपारी लगेच अंथरुणावर पडू नका. फिनिशनंतर अर्धा तास चाला, मीठ-साखरेचं पाणी घ्या, तासाभरात नीट जेवा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद असतात, कल्याण-पनवेलकडे सामान ठेवलं असेल तर आधी वेळा बघा. गाडीत दर दोन तासांनी उठून डब्यात एक फेरी मारा, नाहीतर सकाळी जालन्याला उतरताना पाय जमिनीला टेकवत नाहीत.

जमलं तर सोमवारची रजा काढा. मुलांना राणीची बाग सोमवारी दाखवा. फक्त ती बुधवारी बंद असते, म्हणून मुक्काम वाढला तर तेवढं लक्षात ठेवा. आणि मॅरेथॉनचं पदक त्या दिवशी मुलांच्या गळ्यात असू द्या, आमच्याकडे धाकटी ते घालूनच हत्ती बघायला गेली होती.